हिंगाच्या डबीतलं जायफळ

माझ्या आईच्या हातची कॉफी प्यायलेली माणसं बोरिवलीपासून दहिसरपर्यंत पसरलेली आहेत, आणि अशी कॉफी दुसरीकडे कुठे मिळत नाही यावर त्या सगळ्यांचं एकमत आहे. माझ्या हातच्या कॉफीबद्दलही लोकांचं एक मत आहे. तेही आईनेच तयार केलेलं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले आणि तिथेच खुर्चीत बसून म्हातारे झाले. आई पार्ल्याच्या एका घरी स्वयंपाकाला जायची. त्या घरात दुपारी चार वाजता कॉफी व्हायची, जायफळ आणि वेलची घातलेली, आणि ती आईने करायची. वीस वर्षं तिने त्या घरच्या पोळ्या लाटल्या, पण तिथून उचलून आणली ती फक्त कॉफी. बोरिवलीच्या आमच्या चाळीत सगळे चहा पीत. कुणी आलं की आई मुद्दाम विचारायची, "चहा घेणार की कॉफी?" पाहुणा जरासा गोंधळायचा आणि आईला तेवढ्यावरच दिवसभराचं समाधान मिळायचं. पुढे चाळ पडून बिल्डिंग झाली, आम्ही सातव्या मजल्यावर गेलो, वडील गेले, कॉफी राहिली.

तिची पद्धत ठरलेली होती. निम्मं दूध, निम्मं पाणी, साखर आधी. कॉफी टाकली की एकच उकळी, दुसरी आली की ती बाद. मग गाळायची. गाळल्यावर, कपात ओतल्यावर, वरून जायफळ किसणीवर तीनदा घासायचं. चौथ्यांदा नाही. वेलचीची पूड साखरेबरोबर कुटलेली, तीही चिमटीतच. आणि मिठाची एक कणी, जी ती कुणाला सांगत नसे. ज्यांना घरी जाऊन करायची असे त्यांच्यासाठी ती कॉफीचा मसाला करून ठेवायची, वेलची, जायफळ आणि साखर मिक्सरला फिरवून. जॅमच्या, लोणच्याच्या धुतलेल्या बाटल्या घेऊन बायका यायच्या आणि बाटली आमच्या ओट्यावर ठेवून निमूट बसायच्या. आई घाई करायची नाही. तिला रांग आवडायची.

मी केलेली कॉफी ती आधी हुंगायची. कप नाकाशी धरून डोळे मिटायची, आणि मी ओट्यापाशी उभी राहून वाट बघायची. नापसंत पडली तर काही न बोलता उठून सिंकमध्ये ओतायची. घरात कोण आहे, कोण नाही, हे बघायची नाही. "तुका काय कळाचा नाय," एवढंच म्हणायची. राग आला किंवा आनंद झाला की तिची मालवणी वर यायची. माझ्या बाबतीत आनंदाचे प्रसंग कमी आले.

पण सिंकचं मला एवढं काही वाटत नसे. मला वाटायचं ते त्या गोष्टीचं, जी ती वीस वर्षं सांगत आली.

मी चोवीस वर्षांची असताना मला बघायला लोक आले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. कॉफी मी करायची होती, कारण मुलीला काय येतं ते दिसायला हवं. ऐन वेळी किसणी सापडत नव्हती, म्हणून मी जायफळ सहाणेवर उगाळलं. सहाणेवर किती उतरतंय ते कळत नाही. मी उगाळत राहिले, उगाळत राहिले, आणि सगळा लेप दुधात कालवला. जायफळाने झोप येते हे कुठल्याही मराठी घरातल्या लेकराला माहीत असतं, त्याच्या दुधात ते त्यासाठीच घालतात. मुलाचे वडील कॉफी आवडीने प्यायले, त्यांनी दुसरा कपही मागितला, आणि बोलणी चाललेली असताना आमच्या एकुलत्या एक खुर्चीत मान टाकून घोरू लागले. त्यांना उठवायला अर्धा तास लागला. चार दिवसांनी नकार आला.

नकार जायफळामुळे आला नव्हता. त्या मुलाच्या आईने निरोपात स्पष्ट कळवलं होतं की मुलगी सावळी आहे आणि नोकरी सोडायला तयार दिसत नाही. तो निरोप आईनेच घेतला होता. तरीही दारात बाटली घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ती सांगायची, "आमच्या बाईने सासऱ्यालाच झोपवला की! लग्नाआधीच!" बाया पोट धरून हसायच्या. आई त्या म्हाताऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची, आणि ती नक्कल उत्तम असायची. पुढे आणखी दोन-तीन स्थळं आली, गेली, मग यायची बंद झाली. मी चाळिशी ओलांडली. गोष्ट तरुणच राहिली.

मी एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर लोकांची बोलणी ऐकायची आणि "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं, हे माझं पोट भरण्याचं साधन. घरी आल्यावर मला कुणाबद्दलही दिलगीर वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्यात चांगुलपणा शोधत बसणार नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्हा दोघींना ताप आला. दोघींचा वास गेला. माझा तीन आठवड्यांनी परत आला, बाल्कनीत उभी असताना खालच्या गाडीवरून वडापावच्या तेलाचा घाणेरडा वास आला आणि मी आनंदाने रडले. आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "माझा तर परवाच आला." मावशीलाही फोनवर तिने तेच सांगितलं. मावशी तिची धाकटी बहीण, दहिसरला राहते. "तुझं नाक म्हणजे नाक आहे ताई, ते कुठे जाणार," मावशी म्हणाली. फोन स्पीकरवर होता. आई हसली, पण जरा उशिरा.

मला कळलं ते दुधावरून. त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि दूध पातेल्याला लागलं. घरभर करपट वास. मी धावत येऊन गॅस बंद केला. आई ओट्यापासून चार पावलांवर टीव्हीसमोर बसून शेंगा सोलत होती. एरवी दूध लागायच्या आधीच ती बाहेरून ओरडायची. त्या दिवशी तिने मान वर केली ती माझ्या धावण्याच्या आवाजाने. मी तिच्याकडे बघितलं. मग, का ते विचारू नका, त्याच करपलेल्या दुधाची कॉफी केली आणि तिच्यासमोर ठेवली.

तिने कप नाकाशी नेला, डोळे मिटले. "छान," ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. वाईट वाटून आला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तो आनंदाचा होता. मला एकदम ढीगभर जागा मिळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी जायफळ घालणं बंद केलं. वेलची बंद केली. मिठाची कणी बंद केली. साधी, उघडीबोडकी कॉफी तिच्या हातात द्यायची आणि समोर बसायचं. ती हुंगायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "आज जायफळ बरं पडलंय." कधी म्हणायची, "वेलची जरा कमी घालत जा." मी म्हणायचे, "हो आई." एवढी गुणी मुलगी मी आयुष्यात नव्हते. ती सिंककडे एकदाही उठून गेली नाही. चार वाजायची मी वाट बघायला लागले. घरून काम करायचे दिवस मुद्दाम वाढवून घेतले.

साध्या कॉफीचा कंटाळा आल्यावर मी पुढे गेले. एक दिवस जिऱ्याची पूड घातली. "छान." एक दिवस बडीशेप. "आज काहीतरी वेगळंच झालंय, छान." एकदा तर मी धणे घातले आणि स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसले. ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी गंमत करतेय. "अगं, डॉक्टरकडे ने ना तिला," ती म्हणाली. मी म्हटलं, नेते. नेलं नाही. आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे तिला वास येत नाही हे दोघींनी तोंडाने म्हणायचं, आणि मग माझा चारचा कार्यक्रम संपला असता.

ती लपवत होती ते मला दिसत होतं. बाटल्या घेऊन बायका येतच होत्या. ती आता मोजून मसाला करायची, अंदाजाने कधीच नाही. चमचे मोजताना ओठ हलायचे. वेलची फोडून दाणे हातावर घेतले की डोळ्यांशी नेऊन बघायची, काळे आहेत का, चिकट आहेत का. जायफळ कानाशी धरून हलवायची, आत पोकळ झालंय का ते ऐकायला. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं. नाक गेलं तर ती डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करत होती, आणि चांगला करत होती. बायकांना फरक कळला नाही. जिला कळत होता ती मी होते, आणि मी गप्प होते.

मग मावशीचा फोन आला. तिच्या मुलीला बघायला लोक यायचे होते. मुलगा-मुलगीचं आधीच जुळलेलं होतं, एकाच ऑफिसात होते, हा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांची समजूत. तरी मावशीला सगळं रीतसर हवं होतं. "ताई, कॉफी तूच करायची," ती म्हणाली. "तुझ्या हातची कॉफी प्यायली की ती माणसं गप्पगार होतील बघ."

आई म्हणाली, गुडघे दुखतात. मावशी म्हणाली, रिक्षाने ये, वर लिफ्ट आहे. आई म्हणाली, मसाला पाठवते, तूच कर. मावशी म्हणाली, मी केली तर लोक पळून जातील. मग ती हसत म्हणाली, "नाहीतर तुझ्या लेकीला पाठव, पण सासऱ्याची आधी झोपायची सोय करून ठेवते!" आई हसली नाही, हे मला आठवतं. मी मात्र तेव्हा फक्त टोमणा ऐकला.

आई तयार झाली. आठ दिवस आधी तिने नवीन जायफळं आणली, टपोरी, जड. ठेवायला डबी हवी होती. हिंगाची एक पांढरी प्लॅस्टिकची डबी रिकामी झालेली होती, छोटी, घट्ट झाकणाची. तिने ती साबणाने घासली, लेबल नखाने खरवडून काढलं, गरम पाण्यात बुडवून ठेवली, उन्हात ठेवली, पुन्हा घासली. हिंगाच्या डबीतून हिंग जातो, वास जात नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण वास गेला की राहिला हे सांगणारं तिच्याकडे काही उरलेलं नव्हतं.

ती डबी हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. मी लॅपटॉपवर होते.

"ही बघ गं जरा," ती म्हणाली.

"काय बघू?"

"स्वच्छ झालीय ना? एकदा बघून घे नीट."

'वास घे' असं ती म्हणाली नाही. पण तिने झाकण उघडून डबी माझ्या नाकाशी धरली. भसकन हिंग आला. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, डबीकडे नाही. मला तिच्या तोंडून बाहेर पडणारी ती नक्कल ऐकू आली, म्हाताऱ्याचं घोरणं, वीस वर्षांचं.

"एकदम स्वच्छ," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"सांगतेय ना आई."

ती झाकण लावून गेली. आठ दिवस ती जायफळं त्या डबीत मुरली. मी रोज फडताळ उघडायचे तेव्हा त्यांची चाहूल लागायची. सांगायला मला आठ दिवस होते. एवढं सोपं होतं. बाजारात जाऊन चार नवीन जायफळं आणली असती तरी चाललं असतं, एक शब्द न बोलता.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने दहिसरला गेलो. आई साडी नेसली होती, ती ठेवणीतली, आणि त्याच जायफळांतून केलेल्या मसाल्याची बाटली तिने पिशवीत डबीजवळ नाही, हातात धरली होती. मावशीच्या घरी तिने ओट्याचा ताबा घेतला. सगळ्यांना बाहेर घालवलं. मावशीच्या मुलीला सर्दी झालेली, तिला काही कळलं नाही. मावशी बाहेर फुलदाणी सरकवत होती. मी दारात उभी होते. दूध तापलं, कॉफी पडली, एक उकळी, गाळली, आणि मग तिने मसाला घातला. वरून, आणखी छान व्हावं म्हणून, त्याच डबीतलं जायफळ किसलं. तीनदा. गरम दुधात हिंग फुलला. फोडणी दिल्यासारखा वास स्वयंपाकघरात पसरला.

"कशी वाटते?" आईने मला विचारलं. तिने कपांवरून नजर काढली नाही.

"मस्त," मी म्हटलं. ट्रे मीच उचलला.

पाहुणे चार होते. मुलगा, आईवडील, काका. मुलाच्या आईने पहिला घोट घेतला आणि कप हळूच बशीत ठेवला. काकांनी घोट घेऊन गिळायचं की नाही याचा विचार केला. मुलगा बिचारा मावशीच्या मुलीकडे बघत सगळी कॉफी प्यायला, तो डांबरही प्यायला असता.

"ह्यात... हिंग घालतात का तुमच्याकडे?" मुलाच्या आईने विचारलं. चांगल्या बाई होत्या, खरंच विचारत होत्या.

"कॉफीत हिंग?" आई हसली. "काहीतरीच काय वहिनी." तिने स्वतःचा कप उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मोठा घोट घेतला. "जायफळ आहे. ताजं आहे म्हणून जरा उग्र वाटत असेल."

मावशीने कप उचलून वास घेतला. तिचा चेहरा बदलला. "ताई," ती म्हणाली, "अगं हिंगच आहे. कढीसारखी लागतेय."

आईने पुन्हा घोट घेतला, जणू तेवढ्याने सिद्ध होणार होतं. मग कप खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विचारणा होती. मी अजूनही काहीतरी म्हणू शकले असते. मसाल्याची बाटली माझ्या हातून हिंगाजवळ राहिली, चूक माझी. एवढं पुरलं असतं. कॉफीच्या बाबतीत माझी चूक सगळ्यांनी लगेच मान्य केली असती.

"तिला वासच येत नाही," मी म्हणाले. "कोविडपासून. वर्ष झालं. कुणाला सांगत नाही. मी रोज कॉफीत जिरं घालते, धणे घालते, ती छान म्हणते." काका हसले, त्यांना वाटलं घरातली थट्टा आहे. त्या हसण्याने मला चेव आला. "जाऊ दे ना," मी म्हटलं, "निदान ह्या वेळी कुणी झोपलं तरी नाही."

मावशी हसली नाही. तिची मुलगी हसली नाही. आईने ट्रेवर एकेक कप ठेवायला सुरुवात केली, भरलेले कप, बशीत सांडू न देता. मावशी म्हणाली, "राहू दे ताई, तू बस." आईने ऐकलं नाही. आतून सिंकमध्ये कॉफी ओतल्याचा आवाज आला, एक कप, मग दुसरा, मग तिसरा. मावशीने चहा केला. लग्न ठरलं. त्याला कॉफीने काही फरक पडला नाही, तेव्हाही पडला नव्हता.

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मसाल्याची बाटली तिने मावशीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मला वाटलं होतं की मला हलकं वाटेल. वीस वर्षांची बाकी फिटली, असं काहीतरी. प्रत्यक्षात मी प्रत्येक वळणाला रिक्षावाल्यावर ओरडत होते.

घरी आल्यावर चार वाजले. सवयीने मी दूध गॅसवर ठेवलं. काय करावं ते सुचेना म्हणून साधीच कॉफी केली, काही न घालता, आणि तिच्यासमोर ठेवली. तिने या वेळी कप नाकाशी नेला नाही. सरळ प्यायला सुरुवात केली. संपल्यावर कप तिरपा करून आत बघितलं आणि मग माझ्याकडे सरकवला.

"बघ," ती म्हणाली.

"काय?"

"तळाक काय दिसता?"

"काही नाही."

"जायफळ किसलं की तळाशी बसतं. बारीक, तपकिरी. कितीही ढवळलं तरी शेवटच्या घोटाला राहतंच." ती मोठ्याने बोलत नव्हती. "तुझ्या कपात नसायचं. मग एकदा जिरं बसलं होतं. एकदा बडीशेप दातात आली. धणे तर गिळवेनात."

मी रिकाम्या कपाकडे बघत राहिले. ज्या बाईने वेलचीचा काळेपणा डोळ्यांनी तपासला, जायफळाचा पोकळपणा कानांनी, तिने रोजचा कप बघितला नसेल असं मी कसं धरून चालले होते? वर्षभर ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली होती. मला वाटलं होतं मी तिला बघतेय.

"मग बोलली का नाहीस?" मी म्हणाले. माझा आवाज चढला, चूक आपली असली की माझा चढतोच. "सिंकमध्ये ओतायचं होतंस. इतकी वर्षं ओतलंसच ना?"

"ओतून काय सांगितलं असतं? वास येत नाही तर बिघडलेली कशी कळली म्हणून?" ती म्हणाली. "आणि तू हसत होतीस. आत जाऊन हसायचीस ते ऐकू यायचं. कान शाबूत आहेत माझे. म्हटलं, वीस वर्षं मी हसले हिला. हसू दे. फिटेल."

ती गोष्ट सांगताना तिला कळत होतं तर. प्रत्येक वेळी कळत होतं.

"पण डबी तुझ्या नाकाशी धरली," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, इथे खोटं नाही बोलणार. तेवढं एकच विचारलं तुला वर्षभरात." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "दुसऱ्या कुणाला विचारणार होते मी? तूच होतीस."

तिने कप धुतला, उपडा ठेवला आणि आत जाऊन पडली.

याला आता बरेच महिने झाले. बाटल्या घेऊन कुणी येत नाही. दहिसरची बातमी बोरिवलीला पोचायला आठवडा लागला नाही, आणि ती मावशीने सांगितली नव्हती. घोरणाऱ्या सासऱ्याची गोष्ट संपली, आता हिंगाची सांगतात. लिफ्टमध्ये एका बाईने मला ती सांगितली, आईची नक्कल करून, डोळे मिटून, कप नाकाशी धरून. मी सातव्या मजल्यापर्यंत ऐकून घेतली. आईला मी दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनीही विचारलं, इतके दिवस काय करत होतात. आई म्हणाली, "कामात होतो." माझ्याकडे बघितलं नाही.

चार वाजता मी कॉफी करते. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या पद्धतीने. निम्मं दूध, निम्मं पाणी, एक उकळी, गाळून मग जायफळ, तीनदा. वेलची, मिठाची कणी. घरभर सुरेख वास सुटतो आणि तो मला एकटीला येतो. ती कप नाकाशी नेत नाही. पिते, संपवते, मग खिडकीच्या उजेडात कप तिरपा धरून तळाशी बघते. 'छान' हा शब्द तिने परत वापरला नाही. मीच रोज विचारते, न विचारून राहवत नाही, "आई, बरी झालीय?"

"जायफळ दिसतंय," ती म्हणते, आणि कप माझ्याकडे सरकवते.